बिनतेलाचं पाप

मराठी घरात यंत्र हौसेखातर येत नाही. त्याला कारण लागतं, आणि ते चारचौघांत सांगता येईल असं लागतं. मिक्सर आला तो आईचं मनगट दुखतं म्हणून. वॉशिंग मशीन आलं ते कामवाल्या मावशी गावाला गेल्या की महिनाभर परतत नाहीत म्हणून. मायक्रोवेव्ह आला तेव्हा यात अख्खा स्वयंपाक होतो असं विकणाऱ्यानं ठासून सांगितलं होतं. आज त्यात सकाळचं दूध कोमट होतं आणि उरलेला दिवस पावाची लादी मांजरापासून सुरक्षित राहते. एअर फ्रायर मात्र या सगळ्यांहून भारदस्त कारण घेऊन आला. तो पॅथॉलॉजी लॅबच्या पाकिटातून आला.

म्हणजे असं. घरातल्या ज्येष्ठांचं कोलेस्टेरॉल रिपोर्टात ठळक टायपात छापून येतं, डॉक्टर तळलेलं बंद करायला सांगतात, आणि आठवड्याभरात ओट्यावर एक काळं, तुकतुकीत, दांडा लावलेलं धूड येऊन बसतं. त्याला हळदकुंकू लागतं. ‘आता कढई माळ्यावर’ अशी घोषणा होते. आणि मग दोनेक महिन्यांत त्या घरात इतके चॉकलेट केक, ब्राउन्या आणि कुकीज होतात, की आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून झाल्या नसतील. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत हे मी मजल्यामजल्यावर बघितलं आहे, आमच्या घरात तर रोजच बघतो. अण्णा तपासणीला जातात तेव्हा डॉक्टर विचारतात, ‘‘तळण बंद आहे ना?’’ अण्णा छातीवर हात ठेवून सांगतात, ‘‘एकदम बंद.’’ आणि त्यात काडीचंही खोटं नसतं.

या अधःपतनाला अण्णांना जबाबदार धरता येणार नाही. यंत्राची मूळ प्रकृतीच तशी आहे. टोपली बाहेर ओढून आत वाकून पाहिलं की वर तापणारी कॉइल दिसते आणि तिच्या मागे पंखा. कॉइल तापते, पंखा गरम हवा खाली ढकलतो, हवा जाळीभोवती फिरून पुन्हा वर जाते. बस, एवढंच. यात तळण कुठंच नाही. हा पंखा लावलेला लहानसा ओव्हन आहे. खोका लहान, म्हणून हवा जोरात फिरते आणि पदार्थ लवकर भाजला जातो. तापमान साधारण 80 पासून 200 अंशांपर्यंत. कढईतलं तेलही तळताना 170-180 अंशांवरच असतं, म्हणून माणसाला वाटतं की काम तेच होणार. पण तेलात पडल्या क्षणी भज्याचं पीठ सगळीकडून धरतं. हवेला तेवढ्या झपाट्यानं उष्णता पोचवता येत नाही. तिचं सावकाश चालू असतं, आणि तोवर पीठ जाळीतून खाली उतरलेलं असतं.

हे ज्ञान पुस्तकातून कुणी घेत नाही, ते कांदाभजी करूनच घ्यायचं असतं. पहिल्या रविवारी जाळीवर नुसते कांदे उरतात आणि खालच्या तळाला बेसनाचं एक स्वतंत्र धिरडं तयार होतं. पुढच्या रविवारी पापड. पापड वजनाला हलका. पंखा सुरू झाला की तो उठतो, वर जाऊन कॉइलला चिकटतो, आणि संध्याकाळपर्यंत घरात होम झाल्याचा वास राहतो. अळुवडी आणि कोथिंबीर वडी मात्र यात झकास होतात, हे सांगितलंच पाहिजे. त्या आधीच उकडलेल्या असतात, त्यांना फक्त कुरकुरीत व्हायचं असतं. पण अळुवडी माणूस आठवड्यातून किती वेळा करणार? यंत्राचा हप्ता तर दर महिन्याला जातो. अशा कोंडीत घरातल्या तरुण पिढीतलं कुणीतरी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतं, ‘‘यात ब्राउनी होते.’’

आणि होते. पहिल्या फटक्यात होते! ज्या यंत्रानं भज्यांची बेअब्रू केली, ते ब्राउनीला मात्र जावयासारखं सांभाळतं.

मला वाटतं, इथं आपला एक जुना अनुशेष भरून निघाला. मराठी स्वयंपाकघरात चूल, तवा, कढई, मोदकपात्र, पाटावरवंटा सगळं होतं, पण चहूबाजूंनी भाजायची सोय तेवढी नव्हती. ते काम बेकरीचं. दिवाळी जवळ आली की बायका नानकटाईचं पीठ डब्यात घालून बेकरीत जायच्या, तिथल्या काळ्या पत्र्याच्या ट्रेवर गोळे वळून ठेवायच्या आणि भट्टीच्या तोंडाशी आपला नंबर येईपर्यंत थांबायच्या. खरा प्रश्न ट्रे बाहेर आल्यावर उभा राहायचा. सगळ्यांच्या नानकटाया सारख्याच दिसतात. मग, ‘‘आमच्यावर चारोळी होती, हा वेलदोडा कुणाचा?’’ अशी ओळखपरेड व्हायची, आणि ज्यांनी तूप हात राखून घातलेलं असे त्यांना शेजारणीचा ट्रे आपला वाटण्याची शक्यता जास्त असे.

त्यानंतर तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, झाकणाला काचेची खिडकी असलेला आणि अधूनमधून शॉक देणारा. मग कुकरचा जमाना: रिंग काढायची, शिट्टी काढायची आणि तळाला वाळू घालायची. वाळू म्हणजे समोर बांधकाम चाललेल्या इमारतीची, चाळून, धुऊन, वाळवून. 2020 च्या टाळेबंदीत तर घराघरांतून बिस्किटांचा केक झाला. बिस्किटं मिक्सरमधून काढायची, दूध घालायचं, आणि शेवटी पित्ताच्या औषधांच्या कप्प्यातलं ईनो. ईनोमध्ये सोडा आणि सायट्रिक ॲसिड आयते एकत्र असतात, त्यामुळे ओल लागली रे लागली की ते फसफसतं. त्या क्षणी भांडं तूप लावून, तापवून तयार पाहिजे. पण बहुतेक घरांत ईनो घातल्यावर ‘‘भांडं कुठलं घेऊ?’’ हा प्रश्न विचारला जाई, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत केकचा सगळा उत्साह ओसरलेला असे.

खरा ओव्हन घेऊ या, ही सूचना दर चार-पाच वर्षांनी पुढे यायची आणि एकाच वाक्यानं मारली जायची: ‘‘आपण काय रोज केक खाणार आहोत?’’ ज्यांनी तरीही घेतला, त्यांच्याकडे आज त्यात तवे आणि झारे राहतात. तोच ओव्हन आता तब्येतीचं निमित्त करून आत शिरला आहे, आणि आपण खरोखर रोज केक खातो आहोत.

याचा हिशेबही आमच्याकडे पक्का बसलेला आहे. भजी तळली नाहीत म्हणजे तेल वाचलं. वाचलेलं तेल जमा धरायचं आणि त्यापोटी लोणी खर्ची टाकायचं. दोन चमचे तेल न खाल्ल्याबद्दल पन्नास ग्रॅम लोणी, शंभर ग्रॅम चॉकलेट आणि वाटीभर साखर खर्ची पडली तर आमच्या घरात कुणाची हरकत नसते. एका मोठ्या चमचाभर तेलात साधारण 120 कॅलरी असतात आणि 100 ग्रॅम लोण्यात 700 च्या वर, ही माहिती मी एकदा जेवणाच्या टेबलावर दिली. आईनं माझ्या पुढ्यातली बशी उचलली आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवली.

मोबाइलवरच्या बाई सांगतात, ‘‘फक्त तीन जिन्नस, फक्त दहा मिनिटं!’’ त्या दहा मिनिटांत फ्रीजमधल्या दगडी लोण्याचं मऊ होणं येत नाही, केकचं गार होणं येत नाही, आणि भांडी तर मुळीच येत नाहीत. चॉकलेट वितळवायचं भांडं, त्याच्याखालचं गरम पाण्याचं पातेलं, साखर दळलेला मिक्सर, कोको चाळलेली चाळणी, फेटायची रवी, आणि चव बघण्यासाठी प्रत्येकानं घेतलेला वेगळा चमचा. त्यातल्या त्यात एकच बरं, चॉकलेटचं भांडं घासायला फारसं उरत नाही. ते आधी मुलगी बोटानं पुसते, मग मी चमच्यानं, आणि आम्ही दोघं उठून गेल्यावर अण्णा पोळीच्या तुकड्यानं.

तरी एका पदार्थाच्या बाबतीत त्या बाई बऱ्याच खऱ्या आहेत. लाव्हा केक. शंभर ग्रॅम डार्क चॉकलेट आणि त्याच्या निम्मं लोणी एकत्र वितळवायचं, कोमट झालं की दोन अंडी आणि तीन चमचे साखर फेटून त्यात मिसळायची, वर दोन चमचे मैदा. झालं पीठ. राहिला साचा. बाजारात त्यासाठी रॅमेकिन नावाच्या चिनी मातीच्या वाट्या मिळतात, पण आपल्याकडे आमटीच्या स्टीलच्या वाट्या असतातच, कुणाच्या तरी मुंजीत आलेल्या, कडेला बटूचं नाव, तारीख आणि ‘सप्रेम भेट’ कोरलेल्या. मायक्रोवेव्हमध्ये स्टील चालत नाही म्हणून त्या इतकी वर्षं रुसल्या होत्या. इथं बिनधास्त चालतात. वाटीला आतून तूप लावायचं, कोको भुरभुरायचा, पाऊण भरायची, आणि 180 अंशांवर आधीच तापवलेल्या टोपलीत ठेवायची. आठ मिनिटं.

ही आठ मिनिटं आमच्या घरात कुणी बसत नाही. सहाव्या मिनिटाच्या सुमाराला पिठाची तकाकी जाते. सातव्याला कडा वाटीपासून किंचित सुटतात. आठव्याला टोपली ओढून वाटी सांडशीनं हलवून बघायची: कडेचा भाग गप्प राहिला पाहिजे आणि मधोमध रुपयाएवढा गोल थरथरला पाहिजे. थरथरला की बाहेर. ‘‘राहू दे अजून एक मिनिट, कच्चं नको’’ असं म्हणणारं माणूस प्रत्येक मराठी घरात असतं, आणि त्याला या वेळी दुसऱ्या खोलीत कामाला लावावं. ते एक मिनिट दिलं की लाव्हा गेला, उरला साधा कपकेक. वाटी आणि पीठ दोन्ही तापलेलं असतं, त्यामुळे बाहेर काढल्यावरही आतलं भाजणं थोडं चालूच राहतं. मिनिटभर थांबायचं, कडेनं सुरी फिरवायची, वर बशी पालथी घालायची आणि सगळं एकदम उलटायचं. वाटी उचलायचा मान मुलीचा. पहिला चमचा घालायचा मान अण्णांचा, कारण रिपोर्ट त्यांचा.

अडचण होते ती अंड्याची. अंडी आम्हाला वर्ज्य नाहीत, वार वर्ज्य आहेत. सोमवार आईचा, गुरुवार बायकोचा, शनिवार अण्णांचा, शिवाय संकष्टी, एकादशी आणि अख्खा श्रावण. राहिलेल्या दिवसांपैकी एका दिवशी भिशी असते, आणि त्यातल्या दोघीजणी अंड्याला लागलेला चमचा नळाखाली धुतला तरी तो नळ बदलायला सांगतील अशा आहेत. बिनअंड्याच्या पिठात तो थरथरणारा गोल धड जमत नाही. मध्ये कच्चं ठेवलं तर तोंडाला कच्चा मैदाच लागतो. यावर शेजारच्या काकूंनी तोड काढली. मैदा, कोको, साखर, दूध, थोडं तेल आणि बेकिंग पावडर यांचं साधं पीठ निम्म्या वाटीत घालायचं, फ्रीजरमध्ये कडक केलेला चॉकलेटचा मोठा तुकडा मधोमध ठेवायचा आणि वरून उरलेलं पीठ घालून तो गाडून टाकायचा. केक पूर्ण भाजला तरी पोटात चॉकलेट पातळ. ‘‘कच्चं कशाला खायचं रे?’’ काकू म्हणाल्या. ‘‘वितळायचं ते वितळेल की.’’

काकूंना ठाऊक नाही, पण या पद्धतीचं घराणं फार मोठं आहे. फ्रान्समधल्या लायोल या लहानशा गावी मिशेल ब्रास यांनी दोन वर्षं खटपट करून 1981 साली असा केक वाढला, आणि त्यांची युक्ती हीच, गोठवलेला चॉकलेटचा गाभा पिठात दडवायचा. न्यूयॉर्कच्या जाँ-जॉर्ज व्हाँगरिख्तेन यांचं घराणं वेगळं. ते 1987 चं सांगतात: केक ओव्हनमधून वेळेआधीच बाहेर आला, मध्ये कच्चा होता, आणि लोकांना तोच आवडला. खरा जनक कोण यावर खवय्यांचा वाद अजून मिटलेला नाही. आमच्याकडे तो वारांनी मिटवला आहे. बुधवारी न्यूयॉर्कचं घराणं, गुरुवारी फ्रान्सचं.

मोठा केक करायला घेतला की वेगळीच शोधाशोध. चार लिटरच्या टोपलीत सहा इंची टिन कसंबसं बसतं आणि घरातली टिनं सगळी आठ इंची. मग घरभर गोल वस्तू मोजल्या जातात. पोळ्यांचा डबा दोन बोटं मोठा, मसाल्याच्या डब्यातली वाटी फारच लहान, आणि शेवटी कुकरमधलं डाळीचं भांडं बसतं. त्याच्या आतमध्ये मुरलेली हळद केकला खालून एक सात्त्विक रंग देते. वरून येणारी हवा केकचा माथा आधी धरते हेही ध्यानात ठेवावं लागतं. ओव्हनसाठी लिहिलेलं तापमान जसंच्या तसं लावलं तर वर कवच, मध्ये तडा आणि आत पातळ पीठ. म्हणून 180 लिहिलं असेल तर 160 लावायचं, आणि पहिली पंधरा मिनिटं भांड्यावर फॉइल घट्ट बसवायची. घट्टच, कारण सैल फॉइल आणि मोकळा बटर पेपर यांना पापडाचा मार्ग पाठ असतो.

विजेचं प्रकरण थोडक्यात सांगतो. दीड हजार वॅटच्या या यंत्राला जाड पिनांचा पॉवर प्लग लागतो, आणि तो प्रत्येक स्वयंपाकघरात एकच असतो, मायक्रोवेव्हच्या मागे, हात पोचणार नाही अशा जागी. एक्स्टेन्शन लावून दोन्ही एकदम चालवले तर एमसीबी पडते. आमच्याकडे ती आईच्या मालिकेत सासू सुनेच्या कानाखाली वाजवणार, अगदी त्या क्षणी पडली. तेव्हापासून केक साडेनऊनंतर.

मासे खाणाऱ्या घरांत मामला आणखी नाजूक. टोपली घासून लख्ख केली तरी वरची कॉइल कोण पुसतं? शुक्रवारी सुरमईच्या तुकड्यांतून उडालेलं तेल तिथं ठाण मांडून असतं, आणि रविवारी ब्राउनीसाठी कॉइल तापली की ते आपली हजेरी लावतं. आमच्या वरच्या मजल्यावरची ब्राउनी मी खाल्लेली आहे. चव चॉकलेटची, वास मालवणचा. वहिनींनी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, ‘‘कशी झालीय?’’ मी म्हणालो, ‘‘नेहमीपेक्षा वेगळी आहे.’’ त्यांनी आणखी दोन तुकडे डब्यात घालून दिले. उपाय सोपा आहे: यंत्र गार असताना, प्लग काढून, उलटं करून कॉइल ओल्या फडक्यानं पुसायची. पण ब्राउनी खाऊन खूश झालेल्या घरमालकिणीला हे सांगायला जी हिंमत लागते ती माझ्यात नाही, आणि बांगड्याचा मोसम तर पुढंच होता.

चॉकलेट कुठलं घ्यायचं यावर दोन पक्ष आहेत. कॅडबरी 1948 साली भारतात आली आणि त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांना चॉकलेट म्हणजे कॅडबरी एवढंच ठाऊक. आम्ही ठाणेकर तर कॅडबरी जंक्शनवर रोज सिग्नलला उभे राहतो. पण ते दुधाचं चॉकलेट मुळात गोड, त्याच्या केकमध्ये साखर मापानं घातली की दात सळसळतात. दुसरा पक्ष क्रॉफर्ड मार्केटहून कंपाउंडच्या विटा आणणाऱ्यांचा. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते, म्हणून ते स्वस्त पडतं, वितळवून साच्यात ओतलं की निमूटपणे घट्ट होतं, आणि दिवाळीच्या घरगुती चॉकलेटांचा सगळा धंदा त्यावर चालतो. बिस्किटाला बुडवायला ते ठीक आहे. लाव्हा केकला मात्र खरं डार्क चॉकलेटच हवं. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, तोंडात 37 अंश असतात, आणि सगळी जादू त्या तीन अंशांत आहे. कंपाउंड टाळूला चिकटून पाहुण्यासारखं बसतं, उठायचं नाव घेत नाही. चंद्रपूरच्या आत्याला मात्र हा वाद समजत नाही. मे महिन्यात तिच्या कपाटात दोन्ही सारखीच वितळतात.

चॉकलेटची नानकटाई हा माझ्या मते या यंत्रातला सगळ्यात कमी कटकटीचा पदार्थ. तूप आणि पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसायची, मैद्यात दोन-तीन चमचे कोको मिसळायचा, किंचित बेकिंग पावडर, वेलदोडा, आणि 160 अंशांवर बारा-पंधरा मिनिटं. बाहेर काढताना ती बोटाला मऊ लागते, म्हणून घाबरून पुन्हा आत ढकलायची नाही. गार होताना खुसखुशीत होते.

ही नानकटाई खाताना मला दर वेळी वेंगुर्लं आठवतं. तिथं डचांनी सतराव्या शतकात बांधलेल्या वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. शिवकालीन कागदांत हे डच वलंदेज म्हणून भेटतात. आता बशीत काय आहे ते बघा. कोको पावडर ही वस्तू ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन हौटन घराण्याची देणगी. कोको दाबून त्यातली चरबी वेगळी काढायच्या यंत्राचं पेटंट त्यांचं, 1828 सालचं, आणि क्षार घालून कोकोचा आंबटपणा घालवायची, त्याला गडद करायची युक्तीही त्यांचीच. असा कोको नुसत्या सोड्यावर फुगत नाही, बेकिंग पावडर मागतो ती याच कारणानं. एअर फ्रायर तिकडचाच. फ्रेड फान डर वेय या डच संशोधकाला बटाट्याच्या फ्राइज कमी तेलात कुरकुरीत हव्या होत्या, आणि 2010 साली फिलिप्स या डच कंपनीनं ते यंत्र बाजारात आणलं. राहिली नानकटाई, तर सुरतेत अशी हकीकत सांगतात की तीही डचांच्याच बेकरीतून निघाली. ते गेले, बेकरी त्यांच्या पारशी कारागिराकडं राहिली, आणि पावाच्या धंद्यातून नानकटाई जन्माला आली. म्हणजे तूप आपलं, वेलदोडा आपला, बाकी सगळा कारभार वलंदेजांचा. वखारीचं छप्पर उडालं, पण वलंदेज ओट्यापर्यंत पोचला.

एवढं सगळं करून पदार्थ पाहुण्यांपुढे ठेवला की मराठी माणूस गोडाला जी सर्वोच्च पदवी देतो ती देतो: ‘‘छान आहे, फार गोड नाहीये.’’ ज्यात दीड वाटी साखर गेली आहे त्याबद्दल हे ऐकताना करणाऱ्याला धन्य वाटतं. मग पाहुणे म्हणतात, ‘‘अर्धाच दे हं.’’ बशीत उरलेला अर्धा एकटा कसा ठेवायचा, म्हणून थोड्या वेळानं तोही. आणि निघताना चपला घालता घालता विचारतात, ‘‘यात तेल अजिबात नाही ना?’’ बायको म्हणते, ‘‘थेंबभरही नाही.’’

गेल्या दिवाळीत मुलीनं चॉकलेटच्या करंज्यांचा बेत काढला. सारणात भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, अक्रोडाचा चुरा आणि किसलेलं डार्क चॉकलेट. आईनं पाऱ्या लाटल्या, कडांना दुधाचं बोट लावून मिटल्या, कातण फिरवलं आणि सगळ्या ओल्या फडक्याखाली ठेवल्या. मुलीनं वरून तुपाचा हात फिरवून पहिला घाणा टोपलीत लावला. 170 अंश, बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. निघाल्या त्या दिसायला नीटनेटक्या, रंगानं जरा फिकट. आईनं एक उचलली आणि कानाशी नेऊन मोडली. आवाज कडक आला. पापुद्रे सुटले नव्हते. तिनं ती पूर्ण खाल्ली, ‘‘चांगली झालीय गं,’’ म्हणून नातीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, ‘‘जरा स्टूल आण रे.’’

माळ्यावरची कढई खाली आली. गॅलरीत पेपर वाचत बसलेले अण्णा, तेल तापल्याचा वास आल्यावर, पेपरासकट स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर येऊन बसले. कुणी काही बोललं नाही. उरलेल्या सगळ्या करंज्या मंद आचेवर तळून निघाल्या, एकीचंही चॉकलेट बाहेर आलं नाही. निथळायला चाळणी पाहिजे होती, ती कोकोनं माखलेली. मग आईनं एअर फ्रायरची टोपली ओढून काढली, अण्णांच्या हातातला पेपर काढून घेऊन त्याची घडी खाली घातली आणि करंज्या आत उभ्या रचल्या.

‘‘जाळी फार छान आहे गं याची,’’ ती माझ्या बायकोला म्हणाली. ‘‘तेल कसं भराभर निथळतंय बघ.’’